बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्यावर गाडी काय विसरली: एका गाडीचं प्रकरण

संध्याकाळी मामेबहिणीचा फोन आला. "अरे, गाडी सिग्नलला थांबली की बंद पडते. पिवळा दिवा लागलाय, काच अर्ध्यावर थांबते, गिअर बदलताना झटका बसतो. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणतात, बॅटरी काढली होती ना, मग कॉम्प्युटर रिसेट करावाच लागणार. ते मशीन फक्त आमच्याकडे आहे, गाडी चालवू नका, उचलून आणा. काय करू?"

मी म्हटलं, "ताई, उद्या सकाळपर्यंत गाडी आहे तिथेच राहू दे. इंजिन थंड हवंय मला. आणि कोणालाही काही पुसू देऊ नकोस."

गाड्यांच्या वायरिंगचं आणि बिघाड शोधण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. बॅटरी काढली तर डीलरकडे जावंच लागतं का, हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. एका शब्दात उत्तर मागणाऱ्याला मी "नाही" म्हणतो, पण त्या उत्तराने माझंच समाधान होत नाही. "कॉम्प्युटर रिसेट" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. त्यातल्या काही आपोआप होतात, काही हाताने करायच्या असतात, एखाद्या गोष्टीला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र) लागतो आणि काहींची गरजच नसते. ताईच्या गाडीत यातलं जवळपास सगळं एकाच वेळी समोर आलं, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवतो.

गाडी आणि घडलेली गोष्ट

गाडी नऊ वर्षांची. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तारेऐवजी मोटरवर चालणारा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करणारी स्टार्ट-स्टॉप यंत्रणा नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी निराळी असते, आणि नाव वाचलं की लोक तीच कृती आपल्या गाडीवर जशीच्या तशी करून बघतात.

ताई सहा आठवडे बाहेरगावी जाणार होती. कोणीतरी सुचवलं, निगेटिव्ह काढून ठेवा म्हणजे बॅटरी उतरणार नाही. सल्ला चांगलाच होता. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर हे सगळं थोडा थोडा करंट खातच असतं. ३० मिलिअँपिअर हा अगदी निरोगी आकडा धरला तरी ४२ दिवसांचे १००८ तास होतात, म्हणजे ३० अँपिअर-तास. तिची बॅटरी ६० अँपिअर-तासांची. परत येईपर्यंत ती निम्मी रिकामी झाली असती, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी अर्धवट उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिचं आयुष्य घटतं.

परत आल्यावर तिने वायरच्या टोकाचा, बॅटरीच्या खांबाला पकडणारा क्लॅम्प पुन्हा बसवला, गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, आणि पुढच्या चौकात बंद पडली.

पहिला अर्धा तास: काहीही पुसायचं नाही

अशा वेळी पहिला मोह होतो स्कॅनर लावून "क्लिअर" दाबण्याचा. तो मी ठरवून टाळतो. गाडीने लिहून ठेवलेला बिघाडाचा प्रत्येक कोड हा पुरावा असतो, आणि कोडसोबत त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनावरचा भार यांची नोंदही असते. पुसलं की ती गेली. चेक इंजिनचा दिवा घालवण्यासाठी बॅटरीची वायर काढून ठेवणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, तुम्ही बिघाड घालवला नाहीत, त्याचा पंचनामा फाडून टाकलात. अमेरिकेत २०१० च्या मॉडेलांपासून यावर उपाय म्हणून "कायमचे कोड" आले. ते बॅटरी काढूनही जात नाहीत आणि स्कॅनरनेही पुसता येत नाहीत. गाडीने स्वतः तपासणी करून दोष गेल्याची खात्री केली तरच ते मिटतात.

म्हणून आधी मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली १२.६ ते १२.७ दाखवते, म्हणजे ठीक. स्टार्टर मारताना १०.४ पर्यंत उतरली, तेही ठीक. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर काम करतोय.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी त्यावर बसलेल्या क्लॅम्पवर ठेवून पुन्हा स्टार्टर मारला. एकमेकांना चिकटलेल्या या दोन धातूंमध्ये फरक शून्याच्या जवळ दिसायला हवा. मला ०.३ व्होल्ट दिसला. क्लॅम्प हाताने फिरत होता. ताईने नट आवळला होता, पण खांबावर पांढरट थर होता आणि क्लॅम्प पुरता खाली गेलाच नव्हता. कोड वाचून झाल्यावर थर घासून काढला, क्लॅम्प खाली दाबून दहाच्या पान्याने आवळला. फरक ०.०२ वर आला.

ही गोष्ट किरकोळ वाटते, पण बॅटरी काढल्यानंतरच्या तक्रारींचं सर्वांत सामान्य कारण मला हेच सापडतं. ढिला क्लॅम्प गाडीला पुन्हा पुन्हा क्षणभर अंधारात टाकतो, गाडीतले वेगवेगळे कंट्रोलर, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, वेगवेगळ्या क्षणी जागे होतात, आणि एकमेकांचा आवाज ऐकू आला नाही म्हणून तक्रारी नोंदवत सुटतात. अशा गाडीवर कितीही भारी मशीनने रिसेट मारला तरी दोन दिवसांनी तेच.

क्लॅम्पला हात लावण्याआधी स्कॅनर जोडला होता. साधा, कोणालाही विकत मिळतो तसला. डॅशबोर्डखालचा सोळा पिनांचा सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या प्रवासी गाड्यांना सक्तीचा झाला, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. उत्सर्जनाशी संबंधित कोड आणि इंजिनाचे चालू आकडे त्यातून कोणत्याही स्कॅनरला वाचता आलेच पाहिजेत, यासाठीच तो नियम होता. मशीन फक्त आमच्याकडे आहे, हे वाक्य निदान वाचण्यापुरतं तरी तेव्हापासून खरं राहिलेलं नाही.

सापडलं ते असं. इंजिन कंट्रोलरमध्ये पी०५६२, म्हणजे यंत्रणेचा व्होल्टेज कमी. ते ढिल्या क्लॅम्पचं देणं. गाडी घसरू न देणाऱ्या स्थिरता नियंत्रणाच्या कंट्रोलरमध्ये स्टीअरिंगचा कोन माहीत नसल्याची तक्रार. इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती, म्हणजे अनुभवावरून इंधनात केलेली टक्केवारीतली वाढ-घट, शून्य. उत्सर्जनाच्या ज्या तपासण्या गाडी अधूनमधून स्वतः करते त्या सगळ्या "अपूर्ण". नऊ वर्षं धावलेल्या गाडीत दीर्घकालीन दुरुस्ती नेमकी शून्य असणं म्हणजे पाटी कोरी झाल्याची खूण.

पाटी आणि शिळा

कॉम्प्युटरची मेमरी गेली असं म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर सगळंच गेल्याचं चित्र असतं. गाडीच्या कंट्रोलरमध्ये लिहिण्याच्या दोन जागा असतात. एक शिळेसारखी: मूळ प्रोग्रॅम, कोणत्या चाव्या ओळखायच्या त्याची यादी, एकूण किलोमीटर. हे अशा चिपमध्ये असतं जिला लिहिलेलं टिकवायला वीज लागत नाही. बॅटरी सहा आठवडे सोडाच, वर्षभर काढून ठेवली तरी त्यातलं अक्षर हलत नाही. ताईला पडलेली एक भीती, की आता चावीही पुन्हा ओळखवून घ्यावी लागेल, इथेच संपली.

दुसरी जागा पाटीसारखी. बॅटरीची बारीक वीज मिळत असेपर्यंतच तिच्यावरचं टिकतं. त्यावर गाडी रोजच्या अनुभवातून शिकलेल्या गोष्टी मांडते. या इंजिनाला जरा जास्त इंधन लागतं, या गिअरबॉक्सचा तिसऱ्या गिअरचा क्लच भरायला किंचित जास्त वेळ घेतो, शांत उभं राहायला थ्रॉटल इतका उघडा ठेवावा लागतो. जुन्या गाड्यांत हे सगळं पाटीवरच असे. नव्या गाड्यांत बरंचसं शिळेवर गेलंय, आणि म्हणूनच आज कित्येक गाड्यांची बॅटरी काढून लावली तर घड्याळापलीकडे काहीही बदलत नाही.

यात एक बारकावा आहे. चावी बंद केल्याबरोबर कंट्रोलर झोपत नाही. काही सेकंद, काही गाड्यांत काही मिनिटं तो जागा राहून दिवसभराचं शिकलेलं कायमच्या मेमरीत उतरवून घेतो. ताईने इंजिन बंद केलं तेव्हा मदतनीस पाना घेऊन शेजारीच उभा होता, वायर लगेच निघाली. पाच-दहा मिनिटं थांबणं हा फुकटातला उपाय आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. युरिया वापरणाऱ्या डिझेल गाड्यांत तर थांबलंच पाहिजे, कारण इंजिन बंद झाल्यावर पंप नळीतला द्रव मागे ओढून घेत असतो.

पाटी कोरी झाली तर डीलर ती पुन्हा लिहून देतो का? नाही. सगळ्या गैरसमजाचं मूळ मला इथे दिसतं. पाटीवरचं लेखन त्या विशिष्ट गाडीच्या अनुभवाचं असतं, त्याची प्रत कोणत्याही मशीनमध्ये ठेवलेली नसते. डीलरच्या मशीनवरचा "अडॅप्टेशन रिसेट" उलट पाटी पुसतो. बॅटरी काढल्याने ती आधीच पुसली गेलेली असते. लिहिण्याचं काम त्यानंतर गाडीनेच चालता चालता करायचं असतं. फार तर मशीन तिला शिकण्याची आज्ञा देऊ शकतं, आणि बऱ्याच गाड्यांत तीच आज्ञा चावी आणि पेडलने देता येते.

सोप्या तक्रारी

घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं ताईनेच लावली होती. काही जुन्या रेडिओंना चोरीविरोधी कोड लागतो. तो गाडीच्या कागदपत्रांत शोधून ठेवल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये.

ड्रायव्हरची काच एका दाबात वर जात नव्हती. बोट अडकलं तर काच मागे यावी म्हणून मोटर स्वतःचे फेरे मोजत असते, आणि वीज गेल्याने तिचा शून्यबिंदू हरवला होता. शून्यबिंदू माहीत नसताना एका दाबात काच वर न नेणं हे तिचं शहाणपणच आहे. काच पूर्ण खाली, मग बटण वर ओढून पूर्ण बंद, आणि बंद झाल्यावरही बटण चार-पाच सेकंद तसंच धरलं. काम झालं. सनरूफ असतं तर त्याचंही असंच काहीसं करावं लागलं असतं.

पिवळ्या दिव्याने ताईला सगळ्यात जास्त घाबरवलं होतं. स्टीअरिंग मध्यापासून डावी-उजवीकडे दीडेक फेरे फिरतं. काही प्रकारच्या सेन्सरना एका फेऱ्यातला कोन कळतो, पण आपण कितव्या फेऱ्यात आहोत हे सतत मोजूनच ठेवावं लागतं. मोजणी तुटली की तो "माहीत नाही" असं प्रामाणिकपणे कळवतो, आणि स्थिरता नियंत्रण स्वतःला बाजूला करून दिवा लावतं. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे नेलं, मध्यावर आणलं आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर थोडं अंतर हळू चालवलं. दिवा विझला. काही गाड्यांत एवढ्याने भागत नाही, चाकं सरळ ठेवून स्कॅनरमधून "हाच शून्य" असं सांगावं लागतं. त्यासाठी नुसता कोड वाचणारा नाही, स्थिरता नियंत्रणाला आज्ञाही देऊ शकणारा, जरा वरच्या दर्जाचा स्कॅनर लागतो. तो बहुतेक चांगल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये असतो.

खरी तक्रार: आयडल

सिग्नलला इंजिन बंद पडणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. इंजिन गेलं की स्टीअरिंग जड होतं, ब्रेकला व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. एसी बंद असताना आयडल, म्हणजे पेडलला पाय नसतानाची इंजिनाची गती, ५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास कापत होतं. हवं होतं ७००. एसी लावला की खोकून बंद.

इथे मी एक चूक केली. कोऱ्या पाटीवर आयडल पुन्हा शिकवण्याची पद्धत मला पाठ आहे, म्हणून थेट तीच सुरू केली. चावी ऑन करून इंजिन न चालवता थोडं थांबणं, त्यात थ्रॉटल आपला पूर्ण बंद बिंदू वाचून घेतो. मग इंजिन सुरू, एसी, दिवे, काचेचा हीटर सगळं बंद, पेडलला पाय नाही, पूर्ण गरम होऊन रेडिएटरचा पंखा दोनदा फिरेपर्यंत तसंच चालू ठेवणं. पहिल्या खेपेला आयडल ६२० वर आलं आणि वरखाली डोलत राहिलं. एसी लावला, बंद पडलं. दुसऱ्या खेपेला ६५०, आणि तेच.

तेव्हा मी थांबलो आणि आकडे वाचले. ते खरं तर आधी वाचायला हवे होते. इंधनाची तात्कालिक दुरुस्ती, म्हणजे त्या त्या क्षणी केलेली वाढ-घट, आयडलला अधिक-उणे चार टक्क्यांत होती. फाटक्या होजमधून चोरटी हवा येत असती तर कंट्रोलर इंधन वाढवत सुटला असता आणि दुरुस्ती १५-२० टक्क्यांवर गेली असती. म्हणजे चोरटी हवा नव्हती. मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं, नव्हतं. आणि थ्रॉटल साडेचार अंश उघडा असूनही इंजिनाला हवा कमी पडत होती.

एअर फिल्टरपासूनचा पाइप काढला. थ्रॉटलच्या पाकळीभोवती, नेमकी ती बंद होते त्या कडेवर, काळ्या चिकट कार्बनचं कडं बसलं होतं. आयडलला सगळी हवा याच बारीक फटीतून जाते. नऊ वर्षांत फट हळूहळू बुजत गेली, आणि तितक्याच हळूहळू कंट्रोलर पाटीवर नोंदत गेला: आज जरा जास्त उघड, उद्या आणखी जरा. ताईला कधी काही जाणवलं नाही, कारण जाणवू न देणं हेच त्या शिकण्याचं काम असतं. निगेटिव्ह निघालं, पाटी पुसली गेली, आणि कंट्रोलरने थ्रॉटल नव्या गाडीला पुरेल इतकाच उघडला. घाण तर नऊ वर्षांची होती.

बॅटरी काढल्याने आयडल बिघडलं असं ताई म्हणत होती, सर्व्हिस सेंटरही म्हणत होतं. घटनांचा क्रम बघितला तर कोणालाही तसंच वाटेल. पण बॅटरी काढण्याने बिघाड झाला नव्हता, झाकलेला बिघाड उघडा पडला होता. आणि कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही मशीनने रिसेट मारला असता तरी ते कार्बनचं कडं तिथेच राहिलं असतं. चार-पाच दिवस रेटून चालवली असती तर गाडी कदाचित पुन्हा शिकलीही असती. पण चौकात बंद पडणारी गाडी त्या भरवशावर ताईच्या हातात कशी द्यायची?

थ्रॉटल बॉडीचा क्लीनर कापडावर मारून पाकळी आणि कड पुसली, थेट आत फवारा मारला नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोर लावून उघडू नये, आतले बारीक गिअर दुखावतात. त्यातही चावी ऑन असताना बोट घालणं म्हणजे मोटरच्या तावडीत बोट देणं.

पाइप परत बसवून इंजिन सुरू केलं तर आयडल १३००. ताई ओसरीतून म्हणाली, "आता उलटंच झालं की रे!" झालंच होतं. मी मघाशी दोन वेळा शिकवलेला धडा घाणेरड्या थ्रॉटलचा होता. फट मोकळी झाली आणि पाकळी मात्र जुन्या धड्याप्रमाणे जास्तच उघडी राहिली. थ्रॉटल साफ केल्यावर आयडल चढलं म्हणून घाबरून गॅरेजवाल्याशी भांडणारे लोक मी पाहिलेत. क्रम चुकला की असं होतं. साफसफाई आधी हवी, पाटी पुसणं त्यानंतर, आणि शिकवणं सगळ्यात शेवटी.

म्हणून मी स्वतःहून पुन्हा निगेटिव्ह काढलं. चावी बंद करून दहा मिनिटं थांबलो, मग वायर वेगळी करून अर्धा तास ठेवली. परत जोडून तीच पद्धत पहिल्यापासून. या वेळी दहा मिनिटांत आयडल ७०० वर येऊन ठरलं. थ्रॉटल अडीच अंश. एसी लावला, क्षणभर खाली जाऊन ७५० वर स्थिर. ब्रेक दाबून गिअर डी मध्ये टाकला, तरी स्थिर. ज्या कृतीला लोक गाडी बिघडवणारी म्हणतात, तीच त्या दिवशी दुरुस्तीची शेवटची पायरी होती.

गिअरचा झटका

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना बसणाऱ्या झटक्याला मी हात लावला नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स क्लचना दाब किती आणि किती वेळ द्यायचा हे प्रत्येक बदलातून थोडं थोडं शिकतो. ताईला सांगितलं, "चार दिवस पेडल एकदम दाबू नकोस. हलक्या पायाने, मग मध्यम पायाने, सगळे गिअर लागतील असं चालव." तिने तिसऱ्या दिवशी कळवलं, झटका गेला. आठवडाभर नेमानं चालवूनही तो राहिला असता तर मी आधी तेल पाहिलं असतं, आणि मग स्कॅनरने शिकवण्याची रीतसर पद्धत वापरली असती.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं कितपत बरोबर होतं

फोनवरच्या माणसाने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. त्याच्या कंपनीत काही गाड्या अशा असतीलही. उदाहरणार्थ, निगेटिव्ह क्लॅम्पवर सेन्सर असलेल्या आणि चार्जिंग स्वतः ठरवणाऱ्या गाड्यांत जुनी बॅटरी जाऊन नवी आली की तशी नोंद करावी लागते. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत हे आहे. नोंद केली नाही तर गाडी नव्या बॅटरीला म्हातारी समजून तसं चार्ज करत राहते. पण हे बॅटरी बदलल्यावरचं काम आहे. तीच बॅटरी काढून परत लावली तर नोंदायला काही नसतं. अशा गाड्यांत स्टार्ट-स्टॉप एखादा दिवस चालत नाही, कारण सेन्सरला बॅटरीचा अंदाज घ्यायला गाडी काही तास शांत उभी लागते. लोक तेवढ्यावरूनही घाबरतात.

कंट्रोलरच नवा बसवला, चावी हरवली, इंजेक्टर बदलले, अशा कामांना कंपनीच्या दर्जाचं सॉफ्टवेअर लागतं हे खरंच. पण तेही फक्त डीलरकडे कोंडलेलं राहिलेलं नाही. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये तशाच कायद्याच्या बाजूने कौल दिला, आणि २०१४ मध्ये कंपन्यांनी देशभरासाठी करार मान्य केला. अलीकडच्या काही गाड्यांत सुरक्षेसाठी एक दार मध्ये बसवलंय, ज्यातून साधा स्कॅनर वाचू शकतो पण पुसू शकत नाही. तिथेही नोंदणी केलेल्या स्वतंत्र तंत्रज्ञाला आत जाता येतं.

मला खटकलं ते वेगळंच. गाडी न बघता, एकही कोड न वाचता, एकही व्होल्टेज न मोजता "रिसेट" हे उत्तर दिलं गेलं. ताईच्या गाडीतला ढिला क्लॅम्प आणि बुजलेला थ्रॉटल या उत्तरात कुठेच बसत नव्हते.

ताईने यानंतर दोन प्रश्न विचारले. ते इतरांनाही पडतात. "मग इंजिन चालू ठेवून वायर बदलली तर मेमरी जाणार नाही ना?" असं कधीही करू नये. चालू अल्टरनेटरवरून बॅटरी अचानक सुटली तर बारा व्होल्टच्या यंत्रणेत ऐंशी-शंभर व्होल्टपर्यंतचा झटका उसळू शकतो. मेमरी वाचवायच्या नादात कंट्रोलरच जायचा. दुसरा प्रश्न, मेमरी टिकवण्यासाठी सॉकेटमध्ये लावायच्या छोट्या बॅटरीचा. ती चालते, पण मग सुटलेली पॉझिटिव्ह वायर जिवंतच असते. ती बॉडीला लागली की ठिणगी आणि फ्यूज. दार उघडून आतला दिवा लागला तर ती छोटी बॅटरी काही वेळातच मान टाकते. गाडीची तीच बॅटरी काढून लावणार असू तर मी या छोट्या बॅटरीचा आग्रह धरत नाही.

निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, हे मात्र मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पॉझिटिव्हच्या नटावर पाना असताना तो बॉडीला टेकला, आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं, तर पूर्ण बॅटरी त्या पान्यातून वाहते. चावी डिकीत ठेवून डिकी लावू नये हेही सांगितलं. कुलूप विजेचं असेल तर गाडी स्वतःलाच कोंडून घेते.

तीन आठवड्यांनी

उत्सर्जनाच्या तपासण्या पूर्ण झाल्या का हे बघायला तीन आठवड्यांनी पुन्हा स्कॅनर लावला. बॅटरी काढल्यानंतर लगेच गाडी उत्सर्जन चाचणीला नेऊ नये ती याचसाठी. जिथे चाचणी या सॉकेटमधून होते, तिथे तपासण्या अपूर्ण असलेली गाडी परत पाठवतात, बिघाड असो वा नसो. दीर्घकालीन दुरुस्ती अधिक तीन टक्के, म्हणजे नऊ वर्षांच्या इंजिनासाठी उत्तम. एकही कोड नाही. ऑक्सिजन सेन्सर पूर्ण, कॅटॅलिस्ट पूर्ण. फक्त टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेची तपासणी अजून अपूर्ण.

"आता हे काय राहिलं?" ताईने विचारलं.

मी इंधनाचा काटा बघितला. पूर्ण भरलेला. ताई पाव टाकी उतरली की भरून घेते, तिची जुनी सवय. वाफेची तपासणी करायला टाकीत वर पुरेशी मोकळी जागा लागते. बहुतेक गाड्या टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये असेल आणि इंजिन थंड असताना सुरू केलं असेल तरच ती हाती घेतात. तिला म्हटलं, "या वेळी अर्ध्याच्या खाली जाऊ दे, मगच भर."

पुढच्या रविवारी तिने स्कॅनरच्या पडद्याचा फोटो पाठवला. स्कॅनर मी तिच्याकडेच ठेवून आलो होतो. सगळ्या ओळींपुढे "पूर्ण" होतं.